आर्चिम्बोल्दोची चित्रं: युक्ती कळल्यावरही नजर का खिळते?

रानजाई

जुझेप्पे आर्चिम्बोल्दो हे नाव माहीत नसलं तरी त्याची चित्रं बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात. फळं, भाज्या, फुलं, मासे रचून केलेले माणसांचे चेहरे. 'उन्हाळा' (१५६३) या चित्रात मक्याचं कणीस म्हणजे कान, काकडीचं नाक आणि उकललेल्या शेंगेतले मटार म्हणजे दात.

माणूस मिलानचा, जन्म १५२६-२७ च्या सुमाराचा. वडील बियाजो हेही चित्रकार. बापलेक मिलानच्या कॅथेड्रलचं काम करायचे. तिथल्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी जुझेप्पेने आराखडे केले. १५६२ मध्ये तो मध्य युरोपातल्या हाब्सबर्ग राजघराण्याच्या दरबारात गेला आणि फर्डिनंड पहिला, मॅक्सिमिलियन दुसरा, रुडॉल्फ दुसरा अशा तीन सम्राटांच्या पदरी राहिला. १५८७ मध्ये मिलानला परतला आणि १५९३ मध्ये तिथेच वारला.

आता प्रश्न. दृष्टिभ्रमाचा खेळ एकदा कळला की सहसा संपतो. 'या चित्रात किती प्राणी लपलेत' असले फॉरवर्ड आपण पुन्हा उघडत नाही. मग 'उन्हाळा' बघताना, सगळं आधीच ठाऊक असूनही, मी दर वेळी इतका वेळ का थांबते? माझं मत असं की त्याला 'विक्षिप्त' म्हणून मोकळं होण्यात त्याच्यावर अन्याय आहे. युक्ती हा त्याच्या चित्राचा उंबरठा आहे, घर आत आहे. तुम्हाला काय वाटतं?

चाफेकळी

मस्त विषय! जागा पकडून ठेवते, सविस्तर लिहिते रात्री.

उभाआडवा

धाग्याशी असहमत. मला ही चित्रं बघवत नाहीत. 'पाणी' पाहिलंय का? बेडूक, कासव, खेकडा, तऱ्हेतऱ्हेचे मासे एकमेकांच्या अंगावर चढलेले, आणि त्या गर्दीच्या गळ्यात मोत्यांची माळ! कानाच्या जागी शिंपला आणि त्यालाही मोत्याचं डूल. शिसारी येते. त्याच काळात व्हेनिसमध्ये टिशियन माणसाच्या चेहऱ्यावर आयुष्य रंगवत होता. इथे एक कल्पना हाती लागली आणि पुढची तीस वर्षं तीच उगाळली. ऋतू झाले, मग महाभूतं झाली, मग ग्रंथपाल आणि आचारी. युक्ती म्हणून दाद देतो, मोठी चित्रकला म्हणून नाही.

डॅन्यूबकाठचा

उभाआडवा, शिसारी येते हे मान्य, पण ती छापील चित्रात जास्त येते. मी व्हिएन्नात राहतो. इथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये 'उन्हाळा', 'हिवाळा', 'पाणी' आणि 'अग्नी' ही चारही चित्रं आहेत. पहिल्यांदा आश्चर्य वाटतं ते आकाराचं. लाकडी फळीवरची ही चित्रं जेमतेम ६७ बाय ५१ सेंटिमीटरची, म्हणजे खऱ्या माणसाच्या डोक्याएवढाच चेहरा. लांबून काळ्या पार्श्वभूमीवर दरबारी थाटाची व्यक्ती दिसते. दोन पावलं पुढे गेलं की माणूस विरतो आणि बाजार उरतो. मागे सरकलं की माणूस परत. छापील चित्रात पाय हलत नाहीत, म्हणून ही मजा तिथे मरते.

आणि रंगकाम! 'उन्हाळा'मध्ये अंगरख्याचं कापड गव्हाच्या काड्यांनी विणलंय. त्या विणीतच गळपट्टीवर चित्रकाराचं नाव आणि खांद्यावर १५६३ हे साल आहे. सही करायलासुद्धा त्याने कोपरा शोधला नाही, कापडातच विणून टाकली. 'पाणी'मध्ये साठाहून अधिक जातींचे जलचर आहेत आणि त्यातले बरेचसे आजही ओळखता येतात. प्रत्येक खवला, प्रत्येक नांगी नीट पाहून काढलेली. उगाळणाऱ्या माणसाला एवढे कष्ट घ्यायची गरज नव्हती.

पाटीपेन्सिल

डॅन्यूबकाठचा, +१. मी शाळेत चित्रकला शिकवते. दर वर्षी एक तास आर्चिम्बोल्दोला देते. मुलं घरून भाजी आणतात आणि बाकावर चेहरा रचतात. सगळ्यांची सुरुवात सारखीच होते: गोल ताटलीत दोन टोमॅटोचे डोळे आणि मिरचीचं तोंड. ते चेहऱ्याचं चिन्ह झालं, चेहरा नाही. मग मी 'हिवाळा' दाखवते. खोडाचा एक वाकडा बुंधा, तुटलेल्या फांदीचं नाक, ओठांच्या जागी दोन अळंब्या. यात एकही वस्तू कापून, वाकवून बसवलेली नाही. अळंबी अळंबीच आहे. तरी तो विशिष्ट वयाचा, विशिष्ट स्वभावाचा म्हातारा आहे. मुलं मग गप्प होऊन दोडका फिरवून फिरवून बघायला लागतात, कुठल्या कोनातून त्याचं नाक होईल म्हणून. उभाआडवा, ही युक्ती असेल, पण करून बघा एकदा. फार कठीण आहे.

उभाआडवा

कठीण आहे म्हणून थोर, हे मला पटत नाही पाटीपेन्सिलताई. तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिणंही कठीणच.

गवतीचहा

तास संपल्यावर त्या चेहऱ्यांची मिक्स भाजी होते का? :)

पाटीपेन्सिल

होते ना! शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशी वाटच बघत असतात.

जुनापुराणा

'विक्षिप्त' या शब्दाबद्दल थोडं. रेनेसाँमधला खरा विक्षिप्त बघायचा असेल तर फ्लॉरेन्सचा पिएरो दि कोसिमो (१४६२–१५२२) घ्या. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने याचंही लिहिलंय, त्यात हा माणूस उकडलेल्या अंड्यांवर जगतो. सरसासाठी पाणी उकळायचं असेल तेव्हा त्यातच पन्नासेक अंडी एकदम उकडून टोपलीत ठेवायचा, म्हणजे जळण वाचतं. रडणारी पोरं, खोकणारी माणसं, घंटांचे आवाज त्याला सहन व्हायचे नाहीत. विजेला तर प्रचंड भ्यायचा. वसारीला मीठमसाला लावायची सवय होती हे लक्षात ठेवून वाचावं.

पण धाग्याच्या विषयाशी जुळणारी गोष्ट वेगळीच आहे. हा पिएरो लोकांनी थुंकून डागाळलेल्या भिंतींसमोर उभा राहायचा आणि त्या डागांत घोडदळाच्या लढाया, अद्भुत नगरं आणि विस्तीर्ण देखावे बघायचा. ढगांतही. लिओनार्दोनेही चित्रकारांना डागाळलेल्या भिंती निरखायचा सल्ला लिहून ठेवलाय. म्हणजे एका वस्तूत दुसरी दिसणं हा त्या काळात वेडेपणा नव्हता, चित्रकाराच्या कल्पनाशक्तीचा रियाज होता.

याच्यासमोर आर्चिम्बोल्दो अगदी व्यवहारी माणूस. दरबारच्या मिरवणुका, लग्नं, मुखवटे, पोशाख यांची आखणी करणारा. त्याने केलेल्या अशा १४८ रेखाटनांचा संग्रह १५८५ मध्ये रुडॉल्फला अर्पण केला, तो आज फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयात आहे. विक्षिप्त माणसाला कोणी सम्राटाच्या घरचं लग्नकार्य सोपवत नाही.

चाफेकळी

आले परत. जुनापुराणांचा प्रतिसाद आवडला. त्यालाच जोडून सांगते, ही चित्रं दरबारात करमणूक म्हणून टांगली जात नव्हती. १५६९ च्या नववर्षाला ऋतू आणि महाभूतं हे दोन्ही संच मॅक्सिमिलियनला नजर केले, तेव्हा सोबत जोव्हान्नी बात्तिस्ता फोन्तेओची लॅटिन कविता होती. तीत जोड्या लावल्यात: वसंत-वायू, उन्हाळा-अग्नी, शरद-पृथ्वी, हिवाळा-पाणी. उन्हाळा आणि अग्नी दोन्ही उष्ण नि कोरडे, हिवाळा आणि पाणी दोन्ही थंड नि ओले. जोडीतले चेहरे एकमेकांकडे तोंड करून आहेत, जणू गप्पा मारताहेत. अर्थ असा, की ऋतू बदलतात, महाभूतं भांडतात, पण हाब्सबर्ग घराण्याच्या छत्राखाली सगळं एका शरीरात नांदतं.

'अग्नी' बघा. केस म्हणजे जळती लाकडं, मानेशी मेणबत्ती नि दिवा, धड तोफांचं आणि पिस्तुलांचं. गळ्यात 'गोल्डन फ्लीस' या मानाच्या पदकाची साखळी. शेजारी ऑटोमन सत्ता, १५२९ मध्ये तिने व्हिएन्नाला वेढा घातलेला. त्या दरबारात तोफांचं धड काढणं म्हणजे गंमत नव्हती.

मुक्कामपोस्ट

'पृथ्वी'मधला हत्ती विसरलात! त्या चेहऱ्यात हत्तीचं डोकं गालाच्या जागी बसलंय. व्हिएन्नाकरांनी हत्ती खराखुरा पाहिला होता. १५५२ मध्ये मॅक्सिमिलियन, तेव्हा तो सम्राट व्हायचा होता, स्पेनहून परतताना हत्ती घेऊन आला. पोर्तुगीज जहाजांतून पूर्वेकडून लिस्बनला उतरलेला प्राणी, मग आल्प्स ओलांडून व्हिएन्ना. 'उन्हाळा'तला मकाही तसाच, कोलंबसानंतर युरोपात आलेला. म्हणजे त्या चेहऱ्यांत नवं जग शिरत होतं. आज आपल्याला कणीस दिसतं. तेव्हाच्या माणसाला ती नवलाची वस्तू होती.

रानजाई

मुक्कामपोस्ट, हे फारच छान. या बाजूने मी मक्याकडे पाहिलंच नव्हतं.

लेण्याद्री

अवांतर होईल, पण लिहितो. एका आकृतीत दुसरी बसवण्याची हौस आपल्याकडेही जुनी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कुठल्याही एका धडाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं. पाचव्या शतकातलं काम, आर्चिम्बोल्दोच्या हजारेक वर्षं आधीचं. गर्दीत मान वर करून बघावं लागतं, गाइडने बॅटरी मारली नाही तर बरेच जण तसेच पुढे जातात. तमिळनाडूत दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात बैल आणि हत्ती एका डोक्याचे आहेत. हाताने एक धड झाकलं की बैल, दुसरं झाकलं की हत्ती.

आणि आर्चिम्बोल्दोच्या बरोबरीच्या काळात इराणात आणि नंतर मुघल चित्रशाळांत माणसं, ससे, वाघ, पक्षी एकमेकांत गुंफून केलेले उंट आणि हत्ती सापडतात. अशा सोळाव्या शतकातल्या एका इराणी उंटाचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. स्त्रियांचा मिळून झालेला हत्ती, नारीकुंजर, तर आपल्या लघुचित्रांत कितीतरी ठिकाणी दिसतो.

उभाआडवा

लेण्याद्री, तुमची हरणं मला आवडतात, आणि का ते सांगतो. तिथे शिल्पकाराने डोक्यांची काटकसर केली. एका डोक्यात चौघांचं भागलं. आर्चिम्बोल्दो उलट करतो, एका चेहऱ्यासाठी सगळी मंडई ओततो. मला काटकसर जवळची वाटते.

लेण्याद्री

याला म्हणतात मुद्द्याचा विरोध! पण उधळपट्टी हाच त्याचा विषय होता ना? सम्राटाकडे सगळं आहे, हे दाखवायचं होतं.

मेंदूवाला

मूळ प्रश्नाकडे. मी वैद्यकीय क्षेत्रातला आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

१९९७ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी, मॉस्कोविच आणि सहकारी, एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला मार लागल्यानंतर त्याला वस्तू बघून ओळखता येत नव्हत्या. डोळे ठीक होते, वस्तूंची माहितीही शाबूत होती, पण नजरेने ओळख पटत नव्हती. चेहरे मात्र तो उत्तम ओळखायचा. त्याला आर्चिम्बोल्दोसारखी चित्रं दाखवली तेव्हा त्याला चेहरा दिसला, पण चेहरा ज्या वस्तूंचा बनलाय त्या दिसल्या नाहीत. आपल्या अगदी उलट! आपण आधी चेहरा बघतो आणि मग वस्तू मोजतो. त्याच्यासाठी दुसरी पायरीच नव्हती.

यावरून कळतं, की चेहरा ओळखणं आणि वस्तू ओळखणं ही मेंदूतली बरीचशी वेगळी कामं आहेत. आर्चिम्बोल्दो एकाच चित्रात दोन्हींना कामाला लावतो आणि दोघींची उत्तरं वेगवेगळी येतात. 'हा माणूस आहे' आणि 'ही काकडी आहे'. दोन्ही उत्तरं बरोबर. म्हणून कोडं सुटूनही संपत नाही. फॉरवर्डमधल्या चित्रात लपलेला प्राणी सापडला की एकच उत्तर उरतं. इथे दोन उरतात, आणि नजर या दोन्हींमध्ये ये-जा करत राहते. रानजाई, तुम्ही थांबता याचं एक कारण हे असावं.

त्याच रुग्णाला उलटे केलेले चेहरे ओळखणं फार जड जायचं. थोड्याफार प्रमाणात ते आपल्या सगळ्यांनाच जड जातं.

पाटीपेन्सिल

मेंदूवाला, उलट्या चेहऱ्यांवरून त्याची उलटसुलट चित्रं आठवली! इटलीत क्रेमोनाच्या संग्रहालयातलं 'माळी'. सरळ धरलं तर वाडगाभर भाजी. चित्र उलटं केलं की गालफुग्या माळी: गालांचे कांदे, कंदमुळाचं नाक, ओठांच्या जागी अळंबी, आणि तो वाडगा त्याची टोपी. स्टॉकहोममधलं 'आचारी' तसंच, एका बाजूने ताटातलं भाजलेलं मांस, दुसऱ्या बाजूने माणूस. मुलांना आधी वाडगाच दाखवते, काही सांगत नाही. चेहरा कोणालाही दिसत नाही. मग कागद फिरवला की वर्गात जो आरडाओरडा होतो! गंमत म्हणजे परत वाडगा केला तरी आता त्यांना त्यात माळी शोधावासा वाटतो, आणि तो नीट सापडत नाही.

मेंदूवाला

अगदी बरोबर निरीक्षण. आणि हे कोणी शिकवावं लागत नाही. जपानमधल्या संशोधकांनी सात-आठ महिन्यांच्या बाळांना आर्चिम्बोल्दोची चित्रं सरळ आणि उलटी दाखवली. बाळं सरळ चित्राकडे जास्त वेळ बघत राहिली. बोलताही येत नाही त्या वयात भाजीत माणूस दिसतो.

गवतीचहा

आमच्या घरी एक आहे, त्याला भाजीत फक्त भाजी दिसते आणि तो तोंड फिरवतो.

तिरपीनजर

चित्रकार होल्बाइनचं 'राजदूत' (१५३३, लंडनची नॅशनल गॅलरी) या चर्चेत हवंच. दोन श्रीमंत तरुण, मध्ये फडताळावर पृथ्वीचे नि आकाशाचे गोल, वाद्यं, खगोलाची यंत्रं, आणि खाली जमिनीवर एक लांबुळका राखाडी फराटा. समोरून काहीच कळत नाही. उजव्या कडेला जाऊन तिरपं बघितलं की ती कवटी होते, पण तेव्हा राजदूत ओळखेनासे होतात. मृत्यू आणि वैभव एकाच जागेवरून बघता येत नाहीत. इथे दृष्टिभ्रमाने जे सांगितलंय ते सरळ चित्राला सांगताच आलं नसतं. उभाआडवा, ही तर युक्ती नाही ना?

उभाआडवा

नाही. होल्बाइनला माझा दंडवत. तिथे भ्रमाला काम आहे. माझा प्रश्न तोच, आर्चिम्बोल्दोच्या भ्रमाला काय काम आहे? साम्राज्याची स्तुती, असं चाफेकळी म्हणतात. ते मान्य. पण साम्राज्य गेलं, स्तुती गेली. आज काय उरलं?

उत्तरध्रुव

याचं उत्तर मला स्वीडनमध्ये मिळालं. मेलारेन सरोवराकाठी स्कूक्लोस्टर नावाचा किल्ला आहे. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने रुडॉल्फची जुनी राजधानी प्राग लुटलं, तेव्हा रुडॉल्फच्या संग्रहातलं बरंच काही उत्तरेला आलं. आज या किल्ल्यात 'व्हर्टुम्नस' आहे, १५९१ च्या सुमाराचं. रोमनांचा ऋतुबदलाचा हा देव म्हणजे खुद्द सम्राट रुडॉल्फ. पेरचं नाक, पापण्या म्हणजे वाटाण्याच्या शेंगा, आणि वसंतातली फुलं, उन्हाळ्यातलं धान्य, शरदातली द्राक्षं एकाच अंगावर. ते आर्चिम्बोल्दोने मिलानला परतल्यावर काढून प्रागला पाठवलं. सोबत ग्रेगोरियो कोमानीनीची कविता होती. सम्राट रागावला नाही, उलट १५९२ मध्ये चित्रकाराला काउंट पॅलेटाइन ही पदवी दिली.

मला तिथे जाणवलं ते असं. रुडॉल्फची इतर व्यक्तिचित्रं आहेत, मोठ्या हनुवटीचा, काहीसा खिन्न माणूस. त्यात तो राजा आहे. 'व्हर्टुम्नस'मध्ये तो टवटवीत, लालबुंद, जवळजवळ हसरा आहे, आणि त्याच वेळी आठवड्याभरात सडेल असा माल आहे. स्तुती आणि नाशवंतपणा एकाच पेरमध्ये. होल्बाइनला कवटी वेगळी काढावी लागली. आर्चिम्बोल्दोने ती सम्राटाच्या गालांतच ठेवली. उभाआडवा, तुम्हाला शिसारी येते म्हणालात ना? ती शिसारी चित्राचं अपयश आहे असं मला वाटत नाही.

जुनापुराणा

उत्तरध्रुव, वा! एक भर घालतो. मृत्यूनंतर हा चित्रकार जवळजवळ विस्मरणात गेला. विसाव्या शतकात सर्रिअलिस्टांनी, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन रंगवणाऱ्या कलावंतांनी, त्याला परत आणलं. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अद्भुत कला, 'दादा' ही कलाचळवळ आणि सर्रिअलिझमचं जे प्रदर्शन झालं त्यात तोही होता. त्यांना त्याच्यात स्वप्न दिसलं, हाब्सबर्गांना साम्राज्य दिसलं होतं. साम्राज्य गेल्यावरही चित्र नव्या डोळ्यांना कामाचं वाटलं, हे उभाआडवांच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर तरी आहे.

उभाआडवा

अर्धं घेतलं. उत्तरध्रुव यांचा नाशवंतपणाचा मुद्दा मला विचार करायला लावतोय. 'पाणी' अजूनही बघवत नाही, आणि तीच कल्पना फार वेळा वापरली या मतावर मी ठाम आहे. पण 'व्हर्टुम्नस' मोठ्या आकारात शोधून बघतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मेंदूवाला यांचं 'दोन उत्तरं' आणि उत्तरध्रुव यांचं पेर हे दोन्ही एकत्र ठेवलं की मला माझं उत्तर मिळतं. नजर चेहऱ्यावरून फळाकडे जाते तेव्हा माणूस मोडतो, परत येते तेव्हा जोडला जातो, आणि हे मोडणं-जोडणं चित्रात नाही, बघणाऱ्यात घडतं. चित्रकाराने फक्त सगळा माल अचूक जागी ठेवलाय. म्हणून तर प्रत्येक दाणा खरा असावा लागतो. मटार जरासा खोटा काढला असता तर चेहरा टिकला असता, पण परत जायला दुसरं टोक उरलं नसतं. जंगलाची, समुद्राची इतकी बारकाईने ओळख असलेला माणूस मला लहरी वाटत नाही.

डॅन्यूबकाठचा, एक विचारायचं राहिलं. 'हिवाळा'च्या छातीशी एका फांदीवर लिंबू आणि संत्रं लटकलंय. सगळं झाड वाळलेलं आणि एवढी दोनच फळं ताजी. ती प्रत्यक्षात कशी दिसतात?

डॅन्यूबकाठचा

त्या चित्रात दुरून आधी तीच दिसतात. तपकिरी-करड्या खोडात पिवळा आणि नारिंगी, एवढाच उजळ रंग. चेहरा नंतर कळतो.